पुण्यातला साधा मंगळवार

पत्राचा सारांश: अमळनेरच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३७, बी.एड. झालेल्या, सध्या घरीच असतात. पती जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात, रोज रेल्वेने ये-जा करतात, पगार ३४ हजार. घरी सासू-सासरे, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. गावालगत सात एकर शेत आहे, ते सासरे आणि एक सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) मिळून बघतात. पतींना पुण्याजवळच्या चाकणच्या एका कंपनीने ५२ हजारांची नोकरी देऊ केली आहे, जानेवारीत रुजू व्हायला सांगितलं आहे. दीर-जाऊ सहा वर्षांपासून तिकडेच, मोशीला राहतात. 'जाऊबाईंचे फोटो पाहिले की वाटतं, आपण इथे आयुष्य वाया घालवतोय. मे महिन्यात पंचेचाळीस अंश, नळाला पाच दिवसांआड पाणी, वर सगळ्या गल्लीचं आपल्या घराकडे लक्ष. मिस्टर म्हणतात, तू ठरव. सासूबाईंना विचारलं तर एवढंच म्हणाल्या, बरं शे (बरं आहे). मुलगी फार बोलत नाही, कोणातही मिसळत नाही, तिच्यासाठी तरी जावं असं वाटतं. मी शाळेत शिकवायचे, धाकट्याच्या वेळी सोडलं. तिकडे गेलो तर आम्ही खरंच सुखी होऊ का, आणि ते सुख टिकेल का?'

ताई,

तुमचं पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर होतं. 'आपला खान्देश सोडून कुठे जाता' असं काही मी लिहिणार नाही. पाच दिवसांआड पाणी म्हणजे काय, ते मला माहीत आहे. रात्री दीडला नळ आला तर घरातलं कोण उठतं, ड्रम कोण भरतं, पाणी आलं नाही तर धुण्याचा ढीग कोणाच्या डोळ्यांसमोर राहतो, हेही माहीत आहे. हा त्रास खरा आहे आणि तो बाईच्या वाट्याला जास्त येतो. यातून सुटावंसं वाटण्यात काहीही चुकीचं नाही.

पण तुमचा प्रश्न सुख टिकेल का असा आहे. म्हणून आधी माझ्याबद्दल थोडं सांगते.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही जळगावहून पुण्याला गेलो आणि अकरा वर्षं तिथे राहिलो. पहिल्या मे महिन्यात मी कूलरशिवाय, अंगावर चादर घेऊन झोपले. सकाळी उठून आईला फोन केला, 'माय, इथे पहाटे गार वारा येतो!' मला स्वर्ग मिळाला होता. दुसऱ्या वर्षी त्याच मे महिन्यात अडतीस अंशांना मी शेजारणीजवळ कुरकुर करत होते. वारा तोच होता, मला त्याची सवय झाली होती. चोवीस तासांच्या नळाचंही तसंच. पहिले दोन महिने नळ सोडताना बरं वाटायचं, पुढे ते लक्षातही येईना. शेजारणीला पाण्याचं कौतुक सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहायची.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनमन या दोन अभ्यासकांनी १९९८ साली नेमकं हेच तपासलं होतं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात थंडी कडाक्याची असते, तर दक्षिण कॅलिफोर्नियात वर्षभर हवा छान. दोन्हीकडच्या मिळून सुमारे २,००० विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? उत्तरं जवळपास सारखी आली. बाकीच्यांना विचारलं, तुमच्यासारखाच एखादा इथे किंवा तिकडे राहत असेल तर तो किती समाधानी असेल? तेव्हा दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियावाला जास्त सुखी असणार असं सांगितलं, मुख्यतः हवेमुळे. दोन गावांची तुलना करायला बसलं की जिथे फरक आहे तेवढंच डोळ्यांपुढे येतं. ऊन, पाणी, मॉल, लिफ्ट. रोजचा दिवस मात्र इतर गोष्टींनी भरलेला असतो. घरातलं माणूस किती वाजता परतलं, दुपारी कोणाशी बोलणं झालं, स्वयंपाक एकटीने केला की दोघींनी, पोरं शाळेतून कोणत्या चेहऱ्याने आली, यांनी.

म्हणून जाऊबाईंचे फोटो थोडे बाजूला ठेवा. त्या खोटं काही दाखवत नाहीत, पण फोटो रविवारी काढतात. तुम्हाला तिथल्या मंगळवाराची माहिती हवी आहे. एक वही घ्या आणि दोन पानं लिहा. एका पानावर अमळनेरचा साधा मंगळवार, सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत, तासातासाने. दुसऱ्या पानावर मोशीतला मंगळवार. दुसरं पान तुम्हाला अंदाजाने लिहिता येणार नाही, म्हणून ते जाऊबाईंना विचारून लिहा. 'कसं वाटतं तिकडे?' असं विचारलंत तर 'मस्त' असंच उत्तर येईल. भाऊजी घरी किती वाजता येतात, दुपारी तुम्ही काय करता, पोरगा आजारी पडला तर कोणाला हाक मारता, मागच्या उन्हाळ्यात टँकर किती वेळा मागवला, असे प्रश्न विचारा. टँकरचं मुद्दाम लिहिलं आहे. पुण्याभोवतीच्या बऱ्याच नव्या वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरचंच पाणी लागतं. कोणत्या इमारतीत घर घेता यावर तुमची पाण्याची गोष्ट ठरेल.

या पानावर तुमच्या मिस्टरांची ये-जा नीट मांडा. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन गेली आहे. आज ते सकाळच्या गाडीने जळगावला जातात. तो रोजचा डबा, रोजचे पासवाले, कोणाची भजनं तर कोणाचे पत्ते, धरणगाव आलं की कोणीतरी डब्यातली चटणी पुढे करतं. वेळ जातो, पण माणसांत जातो. चाकणला रोज दुचाकीने जाऊन-येऊन पुणे-नाशिक रस्त्याच्या कोंडीत उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे. अलोइस स्टुटझर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. कामावर जाण्या-येण्यात जितका जास्त वेळ, तितकं समाधान कमी, असं त्यांना दिसलं. जास्तीच्या पगाराने किंवा चांगल्या घराने ती तूट पूर्ण भरून निघत नव्हती. मोठ्या घराची सवय होते, कोंडीची होत नाही. तेव्हा गेलात तर घर कंपनीजवळ बघा. जाऊबाईंच्या शेजारी मिळतंय म्हणून लांबचं घेऊ नका. आणि कंपनीची बस आहे का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा.

पैशांचं थोडक्यात. पगारात १८ हजारांची वाढ आहे. आज तुम्हाला घरभाडं नाही. गहू, दादर ज्वारी, तुरीची डाळ शेतातून येते, भाजीही बरीचशी येते. तिकडे भाडं, डिपॉझिट, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची व्हॅन आणि प्रत्येक किलो धान्य विकत. शिवाय आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातला कानबाईचा उत्सव, लग्नसराई यासाठी चौघांचं वर्षातून किती वेळा येणं होईल, ते मोजा. भावकीतलं लग्न टाळता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बेरीज करून महिन्याला हातात तीन-चार हजार जास्त उरत असतील, तर पैशांसाठी जातोय असं स्वतःला सांगू नका. दुसरं कारण शोधा. ते असू शकतं.

आता मुलगी. 'तिच्यासाठी तरी जावं' असं तुम्ही लिहिलं आहे, पण तिला विचारल्याचं पत्रात कुठेही नाही. कमी बोलणाऱ्या मुलांचं जग लहान असतं. एक मैत्रीण, एक बाई, एक कोपरा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिचं इथे कोणीच नाही. तिच्यासाठी मात्र त्या एका मैत्रिणीत सगळं गाव असतं. ओइशी आणि शिमॅक यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या सात हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी ज्यांची घरं जास्त वेळा बदलली, त्यांचं मोठेपणीचं समाधान कमी आढळलं. हे मुख्यतः अबोल, आतल्या गाठीच्या माणसांत दिसलं, कारण त्यांची जवळची नाती कमी राहिली होती. बोलक्या मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. एकदा गाव बदललं म्हणून मुलगी खचेल, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण मिसळत नाही म्हणून तिला नव्या गावात नेऊ, हा हिशेब उलटा पडू शकतो.

माझा मुलगा पाचवीत होता. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून आपल्या अहिराणी बोलीतलं 'काय शे?' (काय आहे?) निघून गेलं. महिनाभर तेच त्याचं नाव झालं. तो बोलका होता, त्याने दोन महिन्यांत सगळ्या वर्गाला अहिराणी शिकवली. त्याच्या जागी तुमच्या लेकीसारखी अबोल मुलगी असती तर तिने घरातही अहिराणी बोलणं सोडलं असतं. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा लेकीला सोबत न्या, वर्गात बसू देतात का विचारा. आणि वर्षाच्या मध्ये तिला हलवू नका. जून हाच योग्य महिना. नववीला गेली तर दहावीच्या परीक्षेआधी रुळायला जवळपास दोन वर्षं मिळतात. नाहीतर सरळ दहावीनंतर, कारण अकरावीला सगळेच नवे असतात आणि कोणी कोणाला हसत नाही. या दोन्हींच्या मध्ये, ऐन दहावीच्या तोंडावर मात्र नको. बोर्डही बदलू नका. स्टेट बोर्डाचं सेमी-इंग्रजी तिकडेही मिळतं.

आता त्या ओळीकडे येते, जिच्यामुळे तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर राहिलं. 'मी शाळेत शिकवायचे, धाकट्याच्या वेळी सोडलं.' ऊन, पाणी, जाऊबाई यांच्याबद्दल भरभरून लिहिलंत आणि स्वतःबद्दल एवढंच. धाकटा आता तिसरीत आहे. म्हणजे आठ-नऊ वर्षं झाली. आयुष्य वाया जातंय ही भावना तुम्ही फोटोंच्या नावावर लिहिली आहे, पण मला ती या ओळीतून आलेली वाटते. माझं चुकत असेल तर कळवा.

चुकत नसेल, तर पुणे हा त्यावरचा एक उपाय आहे, एकमेव नाही. माझ्या बाबतीत तो लागू पडला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. जळगावात मी अमक्यांची सून होते, तमक्यांची वहिनी होते. पुण्यात दोन गल्ल्या सोडून एका कार्यालयात काम मिळालं आणि तिथे मला माझ्या नावाने हाक मारायचे. गार वाऱ्याची सवय झाली, नळाची झाली, त्या हाकेची अकरा वर्षांत कधी झाली नाही. रोज बरं वाटायचं. सगळ्या गल्लीचं आपल्याकडे लक्ष नसणं हेही मोठं सुख आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण काम मिळण्याआधीची दीड वर्षंही तिथलीच होती. सकाळी अकरा ते चार बंद दरवाजा, समोरच्या फ्लॅटचाही बंद, मिस्टर रात्री नऊला घरी. गर्दीत राहून इतकी एकटी मी कधीच नव्हते. जागा तीच, घर तेच. फरक पडला तो घराबाहेर माझी वाट बघणारं काहीतरी असण्याने.

म्हणून मी विचारते, ते काहीतरी तुम्ही अमळनेरातच सुरू का करत नाही? पुण्याला जायचं नक्की असलं तरीही. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दिली आहे का? नसेल तर पुढची जाहिरात येईल तेव्हा फॉर्म भरा. तुमच्या गावात शाळा-कॉलेजांची परंपरा जुनी आहे. प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवत होते, ते गाव तुमचं. एखाद्या खासगी शाळेत तासिकेवर शिकवा, ते नाहीच जमलं तर घरी आठ मुलं घेऊन गणित शिकवा. सहा महिन्यांचा ताजा अनुभव घेऊन मोशीला गेलात तर पहिल्या दिवसापासून सांगण्यासारखं हातात असेल. आणि शिकवायला लागल्यावर तुम्हाला पुण्याची तेवढी ओढ राहिली नाही, तर तेही कळेल.

सासूबाईंच्या 'बरं शे'बद्दल. आपल्याकडे या दोन शब्दांत होकार असतो, नाराजी असते, आणि 'माझ्या बोलण्याला इथे कोण विचारतंय' हेही असतं. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलंत तर तेच उत्तर पुन्हा मिळेल. भाजी निवडताना विचारा, आणि जाऊ का असं विचारूच नका. आम्ही तिकडे असताना तुमच्या गुडघ्यांचं काय, मामंजींना रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा, कानबाईचे रोट कोणाच्या घरी करायचे, हे विचारा. त्या बोलतील. शेत सासऱ्यांच्या अंगावर किती वर्षं टाकायचं हा प्रश्न मात्र मिस्टरांनी स्वतः वडिलांशी बोलायचा आहे. 'तू ठरव' म्हणणं ऐकायला मोकळेपणाचं वाटतं, पण त्यात उद्या काही बिघडलं तर 'तूच ठरवलंस' दडलेलं असतं. त्यांना सांगा, दोघं ठरवू, आणि तुमची ये-जा, तुमचे आई-वडील, तुमची नोकरी ही तीन पानं तुम्ही लिहा.

आता माझं मत. तीन वाटा आहेत. इथेच राहणं, चौघांनी लगेच जाणं, किंवा मिस्टरांनी आधी एकट्याने जाणं. नोकरी नाकारून इथेच राहिलात तर मनात पुणे कायम राहील आणि दर उन्हाळ्यात ते वर येईल. स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञाने एक वेगळाच प्रयोग केला होता. मोठ्या निर्णयाशी अडलेल्या लोकांना नाणं उडवू दिलं आणि सहा महिन्यांनी विचारपूस केली. ज्यांना नाण्याने बदल करा म्हणून सांगितलं होतं, ते सरासरीने जास्त समाधानी निघाले. आपण घाबरून बदल जरा जास्तच लांबवतो, असं त्यावरून दिसतं. तेव्हा मी जाण्याच्या बाजूला झुकते आहे. पण चौघांनी जानेवारीत सामान बांधू नये.

मिस्टरांनी जानेवारीत जावं. दीर-जावेकडे महिनाभर राहून मग कंपनीजवळ एखाद्या सहकाऱ्याबरोबर खोली घ्यावी. तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ दिवस मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवून तिकडे राहा. सुट्टीला गेल्यासारखं फिरू नका. भाजी आणा, बसने जा, दुपारी एकट्या बसून बघा, दोन-तीन शाळांत अर्ज देऊन या. मोशी-चिखली-भोसरीकडे आपली माणसं खूप आहेत. श्रावणात तिकडेही कानबाई बसते. नाशिकच्या सिडकोत आणि सुरतेच्या उधना-लिंबायतमध्येही बसते, तेव्हा तिकडे जाणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं. पण ती माणसं दारात येत नाहीत, शोधावी लागतात, आणि त्या आठ दिवसांत तुम्हाला शोधावंसं वाटलं की नाही, हे वहीत लिहा. रोज रात्री चार ओळी.

मग आखाजीपर्यंत थांबा. तोवर लेकीची परीक्षा झालेली असेल, मिस्टरांना तिथले चार महिने कळलेले असतील, तुमच्या हातात वही असेल. आपल्याकडे सालदार आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीला हिशेब होतो. मालकालाही वर्षभराचं बंधन आणि त्यालाही. तुम्हीही पुण्याशी तसंच ठरवा, एका सालाचा करार. जून ते पुढचा जून. त्या वर्षात फ्लॅट बुक करायचा नाही, इथलं घर भाड्याने द्यायचं नाही, शेताचा तुकडा विकायचा नाही, कोणी कितीही चांगला भाव दिला तरी. घर अकरा महिन्यांच्या नोंदणी केलेल्या करारावर घ्या, नुसत्या कागदावर नको. वर्ष संपलं की चौघांनी बसायचं, लेकीनेही, आणि पहिल्या दोन पानांशेजारी तिसरं पान लिहायचं. परत यावंसं वाटलं तर परत यायचं. गल्ली चार दिवस बोलेल. मी अकरा वर्षांनी परतले तेव्हा माझ्याबद्दलही बोलली होती, पाचव्या दिवशी कोणाचं तरी लग्न मोडलं आणि विषय बदलला.

एक कागदोपत्री गोष्ट राहिली. एप्रिलमध्ये घाई करून शाळेतून दाखला काढण्याची पद्धत आहे, जाऊबाईही तसंच सुचवतील. एकदा दाखला हातात आला की मन आपोआप निघून जातं आणि लेकीच्या मैत्रिणींना कळतं ते वेगळंच. नव्या शाळेत प्रवेश नक्की होऊन पावती मिळू द्या. आणि आखाजीच्या रात्री, सणाचे झोके उतरल्यावर, तिच्याशी दोघांनी बोलून झाल्याशिवाय तर दाखला काढूच नका.